अठरा हजारांची सायकल

आमच्या सायकलवाल्या मंडळींत प्रत्येक वस्तूला तीन किमती असतात. पहिली बिलावरची, ती दुकानदाराला आणि घेणाऱ्यालाच ठाऊक. दुसरी ग्रुपमध्ये सांगायची. ती बिलापेक्षा थोडी कमी, म्हणजे आपल्याला घासाघीस जमते हे चार लोकांना कळावं. तिसरी घरची. घरची किंमत बिलाच्या निम्मी धरायची, हा आमचा अलिखित नियम. आमच्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी नवी चाकं घेतली, तेव्हा ती महिनाभर दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत लपवली होती. मग एक चाक एका आठवड्यात आणि दुसरं पुढच्या आठवड्यात असं करून घरी नेलं, म्हणजे बायकोला जुनीच वाटावीत. हे त्यांनी आम्हाला चहा पिताना सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. बाहेरच्या माणसाला यात खोटेपणा दिसेल. आम्हाला ती रीतच वाटायची.

मी बिलावर दोन लाख पंच्याऐंशी हजार दिले होते. घरी सांगितले एक लाख चाळीस. नियम पाळला. पण आमचं खातं दोघांच्या नावावर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि बँकेचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर गेला. संध्याकाळी तो चष्मा कपाळावर चढवून, फोन हातभर लांब धरून म्हणाला, "बँकेनं दोनदा कापले वाटते."

"नाही, एकदाच," मी म्हटलं.

त्यानं फोन ठेवला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी कोणाला हार जात नाही.

तसं पाहिलं तर मला कोणाला उत्तर देण्याची गरज नव्हती. शहरातल्या सदर भागात माझं औषधांचं दुकान आहे. पंचवीस वर्षं सकाळी साडेनऊला मी स्वतः शटर वर करते. माझ्या धंद्यात किंमत पाकिटावर छापलेली असते, ती मी वाचून दाखवते आणि समोरचा देतो. कोणाचा रुपया खाल्ला नाही, कोणाला मुदत संपलेली गोळी विकली नाही. पन्नाशी उलटल्यावर रक्तातली साखर काठावर आली, डॉक्टरांनी चाला म्हटलं, गुडघ्यांनी नाही म्हटलं, म्हणून सायकल आली. आधी साधी. मग गिअरची. मग ग्रुप भेटला आणि मग ही कार्बनची.

आणि लोकांचं काय सांगू! आम्ही राहतो त्या नंदनवन वस्तीत समोरच्या घरी पंधरा लाखांची गाडी आली, तेव्हा अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. त्या गाडीला कोणी विचारलं नाही की बाई गं, तुझी गरज काय होती. माझी सायकल आली तर त्याच घरच्या बाईंनी फाटकात उभं राहून विचारलं, "हिले पेट्रोल लागत नाही ना? मग एवढी महाग काहून?" एका संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी लोक अख्खं लॉन भाड्यानं घेतात, दोनशे जणांचं अन्न टाकून देतात, तिथे कोणाच्या नीतीला खरचटत नाही. सायकलवाल्याच्या मात्र खिशात सगळे हात घालतात. अशी मी तेव्हा तावातावानं बोलत असे. जेवढी मनातून खात्री कमी, तेवढा माझा आवाज वर जातो हे नवऱ्याला माहीत आहे, म्हणून तो ऐकून घ्यायचा.

खात्री कमी होती, कारण काही गोष्टी मलाही दिसत होत्या. पाण्याची बाटली अडकवायचा कार्बनचा स्टँड मी चार हजारांना घेतला, का, तर तो साध्या स्टँडपेक्षा पंचवीस ग्रॅमनं हलका होता. माझं स्वतःचं वजन तेव्हा चौऱ्याहत्तर किलो. त्याच आठवड्यात दुकानात एक म्हातारी बाई शुगरच्या गोळ्यांची अर्धी पट्टी मागायला आली. पूर्ण पट्टी दीडशेची होती आणि तिच्याकडे तेवढे नव्हते. मी तिला पूर्ण पट्टी दिली आणि पैसे अर्ध्याचे घेतले. दिवसभर मला फार बरं वाटत राहिलं. चार हजारांचं पाप पंचाहत्तर रुपयांत फिटलं अशा थाटात मी संध्याकाळी घरी आले.

रविवारी आम्ही खापा गावाला जातो. पहाटे निघायचं, कोराडी मागे टाकायची, ऊन चढायच्या आत कन्हान नदीच्या काठी चहा-पोहे, आणि परत. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. थंडीतल्या अशाच एका रविवारी खाप्यात शिरता शिरता माझ्या पुढच्या चाकातली हवा गेली. बाकीचे नदीवर पुढे गेले. मी एका बोळात सायकल भिंतीला टेकवली आणि ट्यूब शोधायला लागले. भिंतीपलीकडून मागाचा आवाज येत होता. तो थांबला आणि आतून एक म्हातारा माणूस बाहेर आला. अंगात बंडी, हातावरच्या केसांत सुताचे बारीक तुकडे अडकलेले.

"ओ बाई, तिथं नका टेकवू. चुना ओला हाय."

मी सायकल उचलली. ती मी एका हातानं उचलली हे त्यांनी पाहिलं आणि जवळ आले. सीटच्या खाली माझ्या सायकलीला रंग नाही, नुसतं व्हार्निश आहे. त्या जागी ते वाकले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी अंगठ्याचं नख त्यावरून हळूच फिरवलं.

"हे तं विणलेलं हाय," ते म्हणाले.

चार महिने ती सायकल माझ्याकडे होती. मऊ फडक्यानं मी ती रोज पुसत होते. तिच्या प्रत्येक भागाचं वजन मला ग्रॅममध्ये पाठ होतं. पण ते कापड आहे, ताणा-बाणा असलेलं खरंखुरं कापड, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. कार्बन म्हणजे कार्बन, एवढंच माझं ज्ञान.

"दोनावर दोन धागे, तिरपी वीण," ते सांगायला लागले. "धाग्याले पीळ नाही, चपटा हाय. आन् हे पाहा, इथं कोपऱ्यात. वीण कशी वळली? विणलं मशिनीवर असंल, पण इथं बसवलं कोण्या माणसानं. बोटानं दाबून दाबून बसवलं." मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "इकडं ये वं! पाह्य, लोक सायकल विणून राहिले!"

त्यांची नात बाहेर आली. सावनेरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. तिला विणीत काही रस नव्हता. तिनं सायकल दोन बोटांनी उचलून पाहिली आणि हसायलाच लागली. "आबाजी, माह्या दप्तरापेक्षा हलकी हाय हे!"

"केवढ्याची?" म्हाताऱ्यांनी मला विचारलं.

"अठरा हजार," मी म्हटलं.

हा आकडा कुठून आला, मला आजही सांगता येणार नाही. घरच्या किमतीचाही काही नियम होता. ही तर कोणत्याच नियमात बसत नव्हती. ओल्या चुन्याच्या भिंतीपाशी, हातमागावर बसणाऱ्या माणसासमोर, दोन लाख पंच्याऐंशी हजार हे शब्द तोंडातून निघेनात. वाटलं, अठरा म्हटल्यानं कोणाचं काय बिघडतं? मी पुन्हा कधी या बोळात येणार होते!

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. सीटखालच्या त्या तुकड्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं.

"अठरा हजारात आख्खी सायकल? मंग विणणाऱ्याले काय भेटलं असंल?" जीभ टाळ्याला लावून त्यांनी च् केलं. "लुटलं असंल बिचाऱ्याले."

मी खाली बसून चाकात हवा भरायला लागले.

पुन्हा कधी येणार नव्हते, पण पुढच्या रविवारी गेले, आणि मग दर रविवारी जायला लागले. बाकीची मंडळी नदीवर पोहे खायची आणि मी काकाजींच्या ओट्यावर चहा प्यायची. त्यांना मी काकाजीच म्हणत असे. त्यांना विणलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल बोलायला आवडायचं: माझ्या जर्सीचं कापड, हेल्मेटचा पट्टा, बुटांची जाळी. बुटाची जाळी उलटीकडून पाहून ते म्हणाले होते, हे विणलं नाही, ओवलं हाय, यात मजा नाही. मी त्यांच्याकडून टॉवेल घेत असे आणि भाव न करता घेत असे, याचा मला मनातून अभिमान होता. त्यांचा टॉवेल पहिल्या धुण्यातच पाणी प्यायला लागतो. नवऱ्यानं दुसरा टॉवेल वापरणंच सोडलं.

नात तेवढ्या वेळात माझी सायकल बोळात फिरवून आणायची. सीट तिला उंच पडायची, पाय जेमतेम पोचायचे, तरी ती शेवटपर्यंत जायची आणि गिअर बदलताना येणारा तो बारीक टिक-टिक आवाज मुद्दाम काढायची. परत आली की आजोबांना सांगायची, पायाले काई वाटतच नाही, आबाजी, आपोआप चालते. कॉलेजला जायला तिला शेअर ऑटो होता. दहा जणांत कोंबून बसायचं, भरेपर्यंत ऑटो सुटायचा नाही, आणि पहिला तास रोज बुडायचा. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. मी विचारलं म्हणून सांगितलं.

उन्हाळा तोंडावर आला होता. त्या रविवारी मी ओट्यावर बसले, तर काकाजींनी माग बंद केला, हात धुतले आणि आतून एक रुमाल आणून माझ्या हातात ठेवला.

"अठरा हजार हाय," ते म्हणाले. "टॉवेलाचा मोठा गठ्ठा गेला यंदा. पोरीले अशीच आणून द्या."

मी रुमालाची गाठ बोटांनी चाचपली.

"रंग कोणता बी चालते. पण वीण हेच पाह्यजे. हे, दोनावर दोन."

नात दारात उभी होती. खाली पाहत होती, पण तिचं हसू लपत नव्हतं. एका पायानं ती उंबऱ्यावर उगाच ठोके मारत होती.

बोलायचं होतं तर तेव्हाच. एक वाक्य पुरलं असतं. मी ते वाक्य मनात जुळवलंही, पण पोरीकडे पाहिलं आणि म्हटलं, "बरं काकाजी." रुमाल मी जर्सीच्या पाठीमागच्या खिशात घातला. नंदनवनपर्यंत चाळीस किलोमीटर तो पाठीला टोचत होता आणि मी ग्रुपच्या सगळ्यात मागे पडले होते. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी मागे वळून विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं.

घरी नवरा कांदा चिरत होता. मी रुमाल ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं सुरी खाली ठेवली.

"त्यांना अठरा सांगितले?"

"हो."

"मले तरी एक-चाळीस सांगितले होते. म्हणजे माझी इज्जत जास्त आहे." हे म्हणून तो हसला, पण माझा चेहरा पाहून लगेच थांबला. "आता काय करतेस?"

दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या दुकानदाराकडे गेले. माझ्या औषधांच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे तो. चांगला माणूस. त्याला म्हटलं, अठरा हजारांत कार्बनसारखं दिसणारं काही आहे का? तो म्हणाला, ॲल्युमिनियमची देतो मॅडम, वरून कार्बनच्या विणीचं स्टिकर मारून देतो, हुबेहूब दिसते, कोणाला कळणार नाही. आणि मी विचार केला! लाज सोडून सांगते, मी त्याला स्टिकर दाखवायला लावलं, उजेडात धरून पाहिलं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "तो विणकर डोळे मिटून नख फिरवल आणि सांगल."

दुसरा मार्ग होता वरचे पैसे स्वतः घालण्याचा. दोन लाख सदुसष्ट हजार. दोन दिवस मी त्यावर विचार केला. वर म्हटलं, इतक्या महागाची सायकल त्या बोळात ठेवायची कुठे, चोरीला जाईल, दुरुस्ती कोण करेल, पोरीलाच त्रास. सगळं खरं होतं आणि कारण ते नव्हतं. कारण एवढंच होतं की तेवढे पैसे मला तिच्यासाठी घालायचे नव्हते. स्वतःसाठी घातले होते, फार विचार न करता घातले होते. तिच्यासाठी नाही. असं स्पष्ट शब्दांत स्वतःला सांगितलं तेव्हा गल्ल्यावर बसल्या बसल्या माझे कान गरम झाले. माझीच सायकल देऊन टाकावी, हाही विचार आला. तो तर मी पूर्ण येऊच दिला नाही.

पुढच्या रविवारी मी एकटी गेले आणि कारनं गेले. त्यांच्या दारात ती सायकल उभी करायचा धीर नव्हता. काकाजी मागावर होते. कारचा आवाज ऐकून नात धावत बाहेर आली, कारच्या मागच्या काचेतून आत डोकावली, आत काही नाही पाहून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "या ना काकू."

मी रुमाल काकाजींच्या समोर ठेवला.

"काकाजी, ती सायकल अठरा हजारांची नाही. मी खोटं सांगितलं."

सूत भरलेला धोटा त्यांच्या हातातच राहिला. "मंग केवढ्याची?"

"दोन लाखांची."

वरचे पंच्याऐंशी हजार मी तेव्हाही गाळले. कबुली द्यायला चाळीस किलोमीटर गेले होते आणि कबुलीतही सूट घेतली. मला ते बोलता बोलताच कळलं, पण शब्द निघून गेला होता, आणि एकदा खोटं कबूल केल्यावर लगेच दुसरं कबूल करायचं म्हणजे फारच झालं.

"दोन लाख," ते म्हणाले. त्यांनी मागावरच्या कापडावरून हात फिरवला. मग मान वर केली आणि मला वाटलं त्याच्या अगदी उलटं बोलले. "मंग विणणाऱ्याले बरं भेटलं असंल?"

विचारताना त्यांचा चेहरा जरा उजळला होता. मी त्यांना काय सांगणार? त्या सायकलीची चेन किती ग्रॅमची, सीट किती ग्रॅमची, बाटलीचा स्टँड किती ग्रॅमचा, हे मी झोपेतही सांगितलं असतं. ते कापड कोणत्या देशात विणलं, कोणी बोटानं दाबून बसवलं, त्याला काय मिळालं, हे विचारण्याचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"माहीत नाही, काकाजी."

"हं." त्यांनी धोटा बाजूला ठेवला. "मले काहून कमी सांगितलं?"

"तुम्हाला जास्त वाटेल म्हणून."

"वाटलं असतं तं वाटू द्याचं होतं ना. मले काय वाटते ते मी पाह्यलं असतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी बी शहरात माल विकलेला माणूस हावो, बाई. दोन लाखाची वस्तू असते हे मले माहीत हाय. तुमी सांगतलं असतं, मी म्हणलं असतं, बरं. पोरीनंबी पाह्यलं असतं आन् सोडून देलं असतं. आता एक महिन्यापासून ते मैत्रिणीयले सांगून राहिली."

नातीनं आतून सगळं ऐकलं असणार. घर ते केवढं! ती चहा घेऊन आली आणि कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "साखर कमी टाकली काकू. तुमाले शुगर हाय ना." आणि आत गेली. रडू येईल असं वाटलं आणि रडायचा आपल्याला काय अधिकार, याचा रागही आला.

काकाजींनी रुमाल उचलून बंडीच्या खिशात घातला. "तुमी आणू नका. दुकान दाखवा. आमी येतो, पोरगी आपल्या हातानं घेईन."

बुधवारी दोघं बसनं आले आणि विचारत विचारत सदरमध्ये माझ्या दुकानाशी पोचले. काकाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सायकलच्या दुकानात शिरताना त्यांनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. नात कुजबुजली, आबाजी, घाला, इथं नाही काढत. त्यांनी काही घातल्या नाहीत.

दुकानदारानं पोरीला सगळं नीट दाखवलं. तिला काय हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं: कॅरिअर हवं, स्टँड हवा, चेनला झाकण हवं म्हणजे ओढणी अडकणार नाही. तिनं चार सायकलींवर बसून पाहिलं आणि एक निळी निवडली, अकरा हजारांची. सीट तिच्या उंचीला बसवून देताना दुकानदार म्हणाला, छान निवड आहे. ते खरंच होतं. खाप्याहून सावनेरला जायला त्या दुकानात तिच्याइतकी कामाची दुसरी सायकल नव्हती.

काकाजी तोवर भिंतीशी गेले होते. तिथे माझ्यासारखीच एक सायकल टांगलेली होती. ते सीटखाली वाकले, नख फिरवलं, आणि मला कळलं आता काय होणार. मी पाच पावलांवर होते. मध्ये बोलून विषय बदलता आला असता.

"हे केवढ्याची?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"ही दोन पंच्याऐंशी, काकाजी. मॅडमकडे हीच आहे."

काकाजींनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. सायकलीवरचा हात त्यांनी काढून घेतला.

"यायले ओळखीत दोन लाखात भेटली असंल," ते दुकानदाराला म्हणाले.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकांच्या तीन किमती त्याला पाठ असतात, त्यामुळे तो मान डोलवायच्या बेतात होता. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. दोन भली माणसं माझ्यासाठी खोटं बोलायला तयार उभी होती.

"नाही काकाजी," मी म्हटलं. "पूर्ण दोन लाख पंच्याऐंशी हजार दिले. कमी नाही झाले. त्या दिवशी मी पुन्हा खोटं सांगितलं."

बिलावरची किंमत मी मोठ्यानं तेव्हा पहिल्यांदा उच्चारली. दुकानात दुसरं एक जोडपं होतं, त्यांनी मागे वळून पाहिलं.

"बरं," काकाजी म्हणाले. एवढंच. मग नातीच्या सायकलीपाशी जाऊन त्यांनी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, घंटी वाजवून पाहिली, आणि रुमाल सोडला.

निळी सायकल बसच्या टपावर टाकून न्यायची होती. काकाजी चपला घालून रिक्षा पाहायला पुढे गेले, आणि फुटपाथवर आम्ही दोघीच उरलो, मी आणि ती. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ती ते नखानं एका कोपऱ्यातून सोलत होती.

"काकू, एक विचारू?"

"विचार."

"एवढ्या पैशाची काहून घेतली तुमी?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. इतके महिने मी ती नवऱ्याला, समोरच्या बाईंना, स्वतःला देत आले होते. गुडघे. साखर. माझे कष्टाचे पैसे. लोक गाड्या घेतात, लॉन घेतात, त्यांना कोण विचारतं.

"मला हवी होती," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिला ते लगेच कळलं असं दिसलं. प्लास्टिकचा सोललेला तुकडा तिनं बोटाभोवती गुंडाळला आणि रस्त्याकडे पाहत, काही राग न ठेवता म्हणाली, "मले बी."